शांतिनिकेतनच्या वृक्षछायेत

सम्मेदशिखरजीची यात्रा आटोपली की आपल्याकडील बहुतेक कुटुंबे पारसनाथ स्थानकावर हावड्याची गाडी धरतात. कोलकात्यात एक-दोन दिवस मुक्काम, राय बद्रीदासजींनी बांधलेल्या शीतलनाथ मंदिराचे दर्शन, थोडीफार साड्यांची खरेदी आणि मग परतीचा प्रवास असा एक ठरीव कार्यक्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्यात आणखी दोन दिवसांची भर घालावी, असे एक ठिकाण वाटेवरच आहे. धनबाद, आसनसोल मागे टाकून गाडी बर्धमानला येते. वर्धमान महावीरांच्या नावावरूनच या गावाला हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. तेथून उत्तरेकडे सुमारे पन्नास किलोमीटरवर बोलपूर लागते आणि बोलपूरला खेटूनच शांतिनिकेतन.

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भव्य इमारत, मनोरा, दगडी कमानी आणि परीक्षा विभागासमोरची रांग येते. विश्वभारती हेही १९५१ पासून केंद्रीय विद्यापीठच आहे. तेथेही कार्यालये, प्रयोगशाळा, वसतिगृहे आहेत. परंतु तेथून परत आलेला माणूस इमारतींविषयी फारसे बोलत नाही. तो झाडांविषयी बोलतो. २०२३ च्या सप्टेंबरात युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला, तेव्हा वृत्तपत्रांत आली ती चित्रेही बहुधा झाडांखाली भरलेल्या वर्गांचीच होती. मराठी वाचकांना पु. ल. देशपांडे यांच्या ‘मुक्काम शांतिनिकेतन’मुळे या स्थळाची ओळख पूर्वीच झालेली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. तेथील चार-सहा वृक्षांकडे आपल्या परंपरेच्या दृष्टीने पाहावे, एवढाच.

बीरभूम जिल्ह्याचा हा भाग प्राचीन राढ देशात मोडतो. श्वेतांबर आगमांपैकी आचारांगात भगवान महावीरांच्या ‘लाढ’ देशातील विहाराचे वर्णन येते. वज्जभूमी आणि सुब्भभूमी अशी त्याच्या दोन भागांची नावे तेथे दिली आहेत. वाट खडतर, निवारा नाही, लोक अंगावर कुत्री सोडतात आणि भगवान ते सर्व समभावाने सोसतात. लाढ म्हणजेच राढ, असे अभ्यासक मानतात. तेव्हा शिखरजीहून बोलपूरला जाणारा जैन यात्रेकरू तीर्थ सोडून पर्यटनाला निघाला, असे म्हणता येणार नाही. त्याच्या वाटेत भगवंतांच्या छद्मस्थ काळातील विहारभूमीच येते.

येथील जमीन पाहिली म्हणजे त्या वर्णनाची खूण पटते. लाल मुरमाची, पावसाने घळी पाडलेली, उघडीबोडकी माळरानेच माळराने. या धुपलेल्या जमिनीला स्थानिक लोक ‘खोआई’ म्हणतात. १८६३ मध्ये महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर रायपूरच्या जमीनदारांकडे जाताना या माळावर थांबले, तेव्हा येथे छायेला जवळपास काहीच नव्हते. होती ती दोन छातिमची झाडे. त्यांच्या सावलीत ते ध्यानाला बसले. मनाला जी स्वस्थता लाभली तिच्यामुळे त्यांनी तेथील २० बिघे जमीन वार्षिक पाच रुपये खंडाने कायमची घेतली. या माळावर दरोडेखोरांचा अड्डा होता आणि त्यांच्यातील एकजण पुढे महर्षींचा सेवक झाला, अशीही आख्यायिका सांगतात. आज दिसणारी गर्द झाडी त्यानंतर माणसांनी एकेक रोप लावून वाढवलेली आहे. हे विद्यापीठ झाडांमुळे झाले आणि ती झाडे विद्यापीठामुळे झाली, अशी ही परस्परांची उभारणी आहे.

छातिम म्हणजे आपली सप्तपर्णी. कोकणात तिला सातवीण म्हणतात. एका पेरावर चक्राकार बहुधा सात पाने येतात म्हणून हे नाव. शरद ऋतूत हिरवट पांढरी फुले येतात आणि रात्री त्यांचा दरवळ दूरवर जातो. अलीकडे आपल्या शहरांत रस्त्याकडेला ती पुष्कळ लावलेली आहे आणि दिवाळीच्या सुमारास तो वास काहींना सोसत नाही म्हणून तक्रारीही होतात. खेड्यापाड्यांत या झाडावर भूतपिशाचाचा वास असतो असे समजत. त्याच्याखाली कोणी झोपत नसे. वनस्पतिशास्त्रात मात्र या झाडाच्या नावात ‘स्कोलॅरिस’ हा विद्यार्थीवाचक शब्द आहे, कारण त्याच्या हलक्या, मऊ लाकडाच्या पाट्या पूर्वी मुलांना लिहायला देत असत. एकाच झाडाला एक गाव भुताचे घर म्हणते, दुसरे गाव पाटी म्हणते.

आपल्या परंपरेत या झाडाला याहून निराळे स्थान आहे. प्रत्येक तीर्थंकराला ज्या वृक्षाखाली केवलज्ञान झाले, त्या वृक्षांची यादी आपल्या ग्रंथांत दिलेली आहे. ग्रंथाग्रंथांतून काही नावांत फरक पडतो, पण पुष्कळ नावे समान आहेत. ऋषभदेवांचा वट, दुसरे तीर्थंकर अजितनाथ यांचा सप्तपर्ण, संभवनाथांचा शाल, अरनाथांचा आम्र, नमिनाथांचा बकुल आणि भगवान महावीरांचा पुन्हा शाल. ही यादी हातात ठेवून शांतिनिकेतनात फिरणाऱ्याला आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. छातिमतला, शालवीथी, आम्रकुंज, बकुलवीथी ही तेथील प्रमुख स्थळांची नावेच आहेत. शिखरजीवर अजितनाथ, संभवनाथ, अरनाथ, नमिनाथ यांच्या टोंकांना वंदना करून जो उतरला, त्याला त्याच चार भगवंतांचे वृक्ष एका आवारात उभे असलेले भेटतात.

अर्थात हा योगायोग आहे. महर्षी ब्राह्मसमाजाचे होते आणि ही झाडे त्यांनी किंवा रवींद्रनाथांनी आपल्या यादीवरून लावली नाहीत. तरीही या योगायोगामागे एक सामायिक जाण आहे. वृक्ष पूज्य कशाने होतो, या प्रश्नाचे उत्तर या देशातील निरनिराळ्या परंपरांनी निरनिराळे दिले. शेजारच्या घरी वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात, कारण वड आयुष्य देणारा मानला आहे. पिंपळात देवतेचा वास मानून त्याला प्रदक्षिणा घालतात. आपल्याकडे केवलवृक्ष कोणाला काही देत नाही. त्याच्या छायेत एका साधकाने आपल्या कर्मांचा क्षय केला. झाडाने ते नुसते पाहिले. पूज्यता त्या साधनेची, आणि झाडाला मान मिळतो तो साक्षीदार म्हणून. तीर्थंकरांच्या आठ प्रातिहार्यांत पहिले स्थान अशोकवृक्षाला आहे, तेही याच नात्याने असावे.

छातिमतल्याला गेले की हे नीट लक्षात येते. महर्षींनी ज्यांच्याखाली ध्यान केले ते मूळ छातिम केव्हाच वठले. त्या जागी दुसरे लावण्यात आले. वेदीवर प्राणाचा विसावा, मनाचा आनंद आणि आत्म्याची शांती अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. मूर्ती नाही, शेंदूर नाही, दोरे नाहीत. मूळ झाड गेले म्हणून स्थळाचे महत्त्व उणे झाले नाही आणि नवे झाड जुन्याची नक्कल वाटत नाही.

१८८८ मध्ये महर्षींनी या आश्रमासाठी विश्वस्तपत्र केले. त्यातील अटी आपल्या वाचकांना जिव्हाळ्याच्या वाटतील. या आवारात मूर्तिपूजा होऊ नये, कोणत्याही धर्माची निंदा होऊ नये, जीवहिंसा, मांसाहार आणि मद्यपान होऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मत्स्याहार ज्या प्रांतात घरोघरी चालतो, तेथे एका बंगाली जमीनदाराने आपल्या जमिनीच्या दस्तातच अहिंसेची अट घालावी, ही गोष्ट लहान नव्हे. दस्तऐवजात काय लिहावे आणि काय सोडावे याचा विचार व्यापारी माणूस नेहमीच करतो. धर्मादाय जमिनीच्या दस्तात आपण क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि विश्वस्तांची नावे लिहितो. त्या जमिनीवर कसे वागावे, हे किती दस्तांत लिहिलेले असते?

१९०१ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांनी येथे ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. विद्यार्थी होते पाच. वर्ग झाडाखाली भरत. मुले आपापले आसन घेऊन येत, गुरुजी बुंध्याजवळ बसत. पाऊस आला की उठून आत जावयाचे. भिंतींच्या आत कोंडलेल्या शाळेत स्वतः रवींद्रनाथांचे बालपण रमले नव्हते, हे एक कारण झाले. दुसरे कारण विचारांचे होते. भारताची संस्कृती नगरांत नव्हे, तपोवनांत वाढली, असे त्यांनी ‘तपोवन’ या १९०९ मधील निबंधात मांडले. आज विश्वभारतीचा सर्वच अभ्यासक्रम झाडाखाली शिकवला जातो असे नाही. रसायनशास्त्र किंवा संगणक झाडाखाली शिकवता येत नाही. परंतु पाठभवन या तेथील शाळेचे वर्ग अजूनही उघड्यावर भरतात.

आम्रकुंजाचे नाव विश्वभारतीच्या इतिहासात वारंवार येते. रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर २३ नोव्हेंबर १९१३ रोजी कोलकात्याहून खास गाडीने शेकडो मान्यवर अभिनंदनासाठी आले, ते याच आमराईत. रवींद्रनाथांनी त्या प्रसंगी गोड बोलून वेळ साजरी केली नाही. परदेशाने शिक्कामोर्तब केल्यावर जो सन्मान आपल्या माणसांनी पुढे केला, तो आपण मनापासून स्वीकारू शकत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आलेली मंडळी नाराज होऊन परतली. आपल्या समाजातही मुलगा परदेशी बक्षीस मिळवून आला की मगच सत्काराची पत्रिका छापली जाते, तेव्हा ही हकीगत आठवावी. पदवीदान समारंभही परंपरेने याच कुंजात होतो आणि त्यात सप्तपर्णीची पाने देण्याची प्रथा आहे. रेशमी झूल आणि चौकोनी टोपी यांच्या जागी एक हिरवे पान.

या प्रथेने आपल्यासारख्यांच्या मनात थोडा संकोचही उत्पन्न होतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न करणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला हिरवे पान तोडून देणे म्हणजे काय, हा प्रश्न पडणारच. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून शिकवलेले असते. आचारांगात तर मनुष्यदेह आणि वनस्पती यांची शेजारी शेजारी तुलना केली आहे. दोघेही जन्मतात, वाढतात, दोघांनाही आहार लागतो, छेदले असता दोघेही म्लान होतात, दोघेही अनित्य आहेत. रवींद्रनाथांचे स्नेही जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रांच्या साहाय्याने वनस्पतींच्या संवेदना नोंदवून दाखवल्या, तेव्हा जगाला नवल वाटले. आपल्या साध्वीजींना वाटले नसते. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्याला हे पाठ असते, पण आपल्या मुलांपैकी किती जणांना सप्तपर्णी ओळखता येते? पान हातात घेतलेल्या विद्यार्थ्याला निदान त्या झाडाचे नाव आयुष्यभर स्मरणात राहते.

आम्रकुंजाजवळून शालवीथी जाते. दोन्ही बाजूंना उंच, सरळ शाल आणि मधून तांबड्या मातीचा रस्ता. सागाच्या मुलखात वाढलेल्या आपणा मराठी माणसांना शाल किंवा साल फारसा परिचयाचा नाही. पत्रावळींतून किंवा धुपासाठी वापरल्या जाणाऱ्या राळेतून त्याची ओळख झालेली असते, तीही नकळत. भगवान महावीरांना ऋजुबालिका नदीच्या काठी, जृंभिक ग्रामाजवळ, वैशाख शुद्ध दशमीला शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले. गिरिडीहजवळची बराकर नदी हीच ऋजुबालिका, असे परंपरा मानते. हा सगळा शालवनांचाच टापू आहे. शाक्यमुनी बुद्धांचा जन्म आणि महापरिनिर्वाण या दोन्ही घटना शालवृक्षांच्या सान्निध्यात झाल्या, असे बौद्ध सांगतात. शांतिनिकेतनच्या आसपास राहणाऱ्या संथाळांची देवराई, ‘जाहेर’, शालवृक्षांचीच असते आणि वसंतात शालाला मोहोर आला की त्यांचा ‘बाहा’ म्हणजे फुलांचा उत्सव होतो. ती पूजा झाल्याखेरीज नवी फुले ते माळत नाहीत. ज्या पारसनाथ डोंगरावर आपले वीस तीर्थंकर मोक्षाला गेले, त्यालाच संथाळ ‘मरांग बुरू’ म्हणून वंदन करतात. एका झाडाखाली आणि एका डोंगरावर किती जणांची श्रद्धा नांदते, हे शालवीथीतून चालताना जितके सहज उमगते, तितके ते सभेत भाषण ऐकून उमगत नाही.

बकुलवीथीविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही. बकुळीचे इवलेसे फूल वाळून तपकिरी झाले तरी त्याचा गंध जात नाही. आपल्या आज्या ती फुले साड्यांच्या घडीत ठेवत. या झाडांखाली लहान मुलांचे वर्ग भरतात. तीन पहाड नावाच्या टेकाडावर एक जुना वड आहे. तळे खणताना निघालेल्या मातीचे ते टेकाड; महर्षी सूर्योदयाच्या वेळी तेथे ध्यानाला बसत. ऋषभदेवांचा वट या यादीत असा येऊन मिळतो. रवींद्रनाथांच्या उत्तरायण या निवासाजवळ १९२५ मध्ये त्यांच्या वाढदिवशी पंचवटीही लावण्यात आली.

या साऱ्यांत आकाराने किरकोळ, पण विसरता न येणारी वास्तू म्हणजे ‘तालध्वज’. तेजेशचंद्र सेन नावाचे एक वृक्षप्रेमी शिक्षक येथे होते. त्यांची झोपडी मातीची, गोल, गवताने शाकारलेली. झोपडीच्या मधोमध ताडाचे झाड आहे आणि त्याचा शेंडा छपरातून वर गेलेला आहे. घर बांधताना झाड आड येत होते असे त्यांना वाटलेच नाही. त्यांनी झाडाभोवती घर बांधले.

रवींद्रनाथांनी १९२८ मध्ये पावसाळ्यात वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. रोप सजवलेल्या पालखीत घालून मिरवत आणतात. मुलेमुली गात, नाचत पुढे चालतात. पाच मुले पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश यांची प्रतीके होतात आणि रोपाला त्या पाचांचा आशीर्वाद देतात. रवींद्रनाथ ७ ऑगस्ट १९४१ रोजी, बंगाली पंचांगाप्रमाणे २२ श्रावणला, निवर्तले. त्यानंतर त्यांच्या स्मृतिदिनीच हा उत्सव होऊ लागला. पुण्यतिथीला शोकसभा न भरवता रोप लावणे, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना मृत्यूचा अर्थ कळला होता.

याच सुमारास रवींद्रनाथांनी ‘बलाई’ नावाची छोटी कथा लिहिली. आई नसलेला एक मुलगा काका-काकूंकडे वाढतो. गवत कापले तरी त्याचा जीव कासावीस होतो. बागेतल्या वाटेच्या मधोमध शेवरीचे, म्हणजे काटेसावरीचे, रोप उगवते. काका ते उपटायला निघतात, बलाई काकूमार्फत ते वाचवतो. पुढे वडील त्याला शिक्षणासाठी घेऊन जातात. विलायतेला जाण्यापूर्वी तो काकूला लिहितो, माझ्या त्या झाडाचे एक छायाचित्र पाठवून दे. काकू छायाचित्रकाराला बोलवायला सांगते, तेव्हा काका म्हणतात, ते तर मी तोडून टाकले. काकू दोन दिवस जेवत नाही. कथेतला काका दुष्ट नाही. झाड वाटेत आले होते, शिवाय निरुपयोगी होते. त्याच्या बाजूने हिशेब अगदी बरोबर आहे. म्हणूनच ती कथा मनाला लागते.

हा काका आपल्या परिचयाचा आहे. एका मंदिराच्या आवारात बकुळीचे जुने झाड होते. नाव सांगण्याचे कारण नाही. अशी मंदिरे पुष्कळ गावांत आहेत. प्रवचनाला येणाऱ्या बायका पहाटे त्याखालची फुले वेचत. पडलेले फूल वेचण्यात हिंसा नाही म्हणून पूजेलाही तीच चालत. विश्वस्त मंडळाने आवारात ग्रॅनाइट बसवण्याचे व वाहनतळ करण्याचे ठरवले. झाडाची मुळे फरशी उचलतील, फुलांनी चिकचिक होते, पक्ष्यांची घाण पडते, अशी कारणे पुढे आली. ती खोटी नव्हती. पर्युषणात गाड्यांना जागा अपुरी पडते, हेही खरे होते. सभेत झाडाच्या बाजूने बोलणारे दोघे-तिघे निघाले. त्यांना उत्तर मिळाले की तेवढ्या जागेत चार गाड्या राहतील. आज तेथे चार गाड्या उभ्या असतात. भिंतीवर तीर्थंकरांच्या केवलवृक्षांचा एक सुंदर रंगीत तक्ता मात्र लावलेला आहे. त्यात एकविसावे नाव नमिनाथांचे आणि त्यापुढे ‘बकुल’ असे लिहिले आहे.

ज्या विश्वस्तांनी हा निर्णय घेतला ते सर्व सुस्वभावी, दानशूर गृहस्थ आहेत आणि संवत्सरीला वनस्पतिकायातील जीवांचीही मनोभावे क्षमा मागतात. त्यांना दोष देऊन प्रश्न सुटत नाही. प्रश्न असा आहे की आपल्या धर्मात झाडाची नोंद कोणत्या खात्यावर आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘वनकर्म’ आहे. जंगल तोडून उपजीविका करू नये, असा तो नियम. कोळसा पाडण्याचे ‘अंगारकर्म’ही त्यातच येते. आपल्या पूर्वजांनी व्यापाराचे हजार मार्ग धुंडाळले, पण हा मार्ग व्रतधारी घराण्यांनी टाळला. नफ्याचा एक धंदा केवळ झाडातील जीवासाठी सोडून देणारी परंपरा ज्या समाजाची, त्याच्या मंदिरात बकुळीला जागा उरू नये, हा हिशेब कोठेतरी चुकतो आहे. शांतिनिकेतनात जाऊन तालध्वज पाहून आलेला एक जरी माणूस त्या सभेत असता, तर त्याने निदान एवढे विचारले असते की फरशी झाडाभोवतून नेता येईल काय.

आपल्या समाजाने वृक्षछायेतील या विद्यापीठाला पूर्वी एकदा हात दिलेला आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. कोलकात्याचे श्रेष्ठी बहादुरसिंह सिंघी यांनी आपले वडील डालचंदजी यांच्या स्मरणार्थ १९३१ मध्ये शांतिनिकेतनात ‘सिंघी जैन ज्ञानपीठ’ स्थापन केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेशीही ज्यांचा संबंध होता ते मुनी जिनविजयजी तेथे आले. जैन विद्येचे अध्यापन सुरू झाले आणि ‘सिंघी जैन ग्रंथमाला’ या विख्यात मालेचा प्रारंभ झाला. मेरुतुंगाचार्यांचा ‘प्रबंधचिंतामणी’ हा तिचा पहिला ग्रंथ. पुढे ही माला मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडे आली. भांडारात बंद असलेली हस्तलिखिते संपादित होऊन जगातल्या अभ्यासकांच्या हाती गेली, त्याची सुरुवात बंगालच्या या माळावर, एका व्यापाऱ्याच्या पितृस्मरणातून झाली. ज्ञानदानासाठी सिंघीजींनी निवडलेली जागा ही अशी होती. तेथे केवलवृक्षांच्याच छायेत मुले अक्षरे गिरवत होती.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. हावड्याहून बोलपूर सुमारे दीडशे किलोमीटर असून रेल्वेने तीन तासांच्या आत जाता येते. विश्वभारतीची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. आश्रमाच्या जुन्या आवारात पाहुण्यांच्या प्रवेशावर बंधने असतात, तेव्हा आधी चौकशी करूनच दिवस ठरवावा. झाडाखाली वर्ग चालू असेल तर छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. ती शाळा आहे. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची व्यवस्था निवासस्थानी आधीच सांगून ठेवावी. सप्तपर्णीचा बहर पाहावयाचा असेल तर दिवाळीच्या आगेमागे जावे, शालाचा मोहोर पाहावयाचा असेल तर होळीनंतर. मुलांना बरोबर न्यावे आणि केवलवृक्षांची यादी त्यांच्या हाती द्यावी. कोणते झाड कोणत्या भगवंतांचे, हे त्यांनाच शोधू द्यावे.

२२ श्रावण हा दिवस आपल्या चातुर्मासात पडतो. त्या काळात साधु-साध्वी एका ठिकाणी स्थिर असतात, मंदिरात रोज सर्व कुटुंबे एकत्र येतात, आणि पाऊसही असतो. ज्या मंदिरांच्या, धर्मशाळांच्या किंवा वसतिगृहांच्या आवारात अजून हातभर माती उघडी राहिली आहे, त्यांनी येत्या चातुर्मासात आपल्या मूलनायक भगवंतांचा वृक्ष कोणता ते गुरुमहाराजांना विचारावे आणि तो लावावा. लावताना विश्वस्त मंडळाच्या इतिवृत्तात एक ओळ लिहून ठेवावी की पुढे बांधकाम निघाले तर ते या झाडाला वगळून करावे. महर्षींनी १८८८ मध्ये आपल्या दस्तात तशा अटी लिहिल्या होत्या. आपल्याकडे कागदपत्र चोख ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तेव्हा ही एक ओळ जड जाऊ नये.